आठ नावं

"मंदाबाई, हा कागद तेवढा बोर्डावर लावा," मोठ्या बाई म्हणाल्या.

कागदावर आठ मुलांची नावं होती. वर लिहिलं होतं, 'खालील विद्यार्थ्यांनी दर गुरुवारी मधल्या सुट्टीत समुपदेशक बाईंना भेटावे.'

भाईंदरच्या या शाळेत मी बावीस वर्षं शिपाई आहे. घंटा मीच देते, पहिल्या-दुसऱ्या नंबरांच्या याद्याही मीच लावते. कधी ब्र काढला नाही. पण त्या आठांत नववीतल्या क्षितिजाचं नाव दिसलं आणि मी कागद परत टेबलावर ठेवला.

आई गेल्यापासून पोर मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी माझ्याजवळ येऊन बसायची. डबा उघडायचीच नाही. "मावशी, झोपच येत नाही. कुठेतरी निघून जावंसं वाटतं. कुणाला सांगू नका हां." मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या वर्गाच्या बाईंना सांगून आले. घाबरले होते हो!

"बाई, मी नाही लावणार."

"अहो, पोरांच्या भल्यासाठीच तर शाळेने हा नवीन नियम केलाय!"

"नियम चांगलाच आहे. पण यादी लागली की सगळी शाळा त्यांना वेडी म्हणणार. समुपदेशक बाईंच्या खोलीकडे एक जरी पोर फिरकलं तर माझं नाव बदलीन."

"मग त्यांना कळवायचं कसं?"

"मी सांगते. एकेकाच्या कानात."

बाईंनी टेबलावरचा कागद उचलला. मग घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

सात जणांनी मुकाट ऐकून घेतलं. क्षितिजाने मात्र विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो गं बाय."

ती डबा उचलून निघून गेली. पुढचे तीन दिवस टाकीकडे फिरकली नाही. मलाही घास गोड लागेना.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती आली. माझ्याकडे न बघता समोरून गेली, त्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.

सुट्टी संपायची वेळ झाली तशी मी घंटेपाशी जाऊन उभी राहिले. शेजारच्या त्या खोलीतून तिचे हुंदके ऐकू येत होते. आई गेली तेव्हासुद्धा ही पोर रडली नव्हती. मोठ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या, त्यांनी घड्याळ बघितलं. मी हातानेच थांबा म्हटलं. त्या परत ऑफिसात गेल्या.

त्या दिवशी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मी घंटा वीस मिनिटं उशिरा दिली.