अहो, बंद करू नका

टेबलाखालचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं रात्रंदिवस घुंघुं करत होता आणि म्हातारबुवा तितकीच वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होते. बायको अंध मुलांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून, आवाज भरून, नेटवर सोडायची. "एकाच जागी ठेवलं तर ती जागा बंद पडली की सगळं गेलं," ती सांगायची. "इथं ज्यानं घेतलं तोच पुढच्याला तुकड्यातुकड्यानं देतो. पण कार्टी परीक्षा झाली की पुसून टाकतात. आपला तेवढा चालू ठेवा."

ती गेली. देणारीच नाही तर आता कोण काय नेणार, असा सरळ विचार करून म्हातारबुवांनी बटण दाबलं. घर इतकं गप्प झालं की त्यांना ते सोसवेना. पण स्वभाव हट्टी. पुन्हा लावायचं सोडून त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाल्यानं कॉम्प्युटर काखोटीला मारला आणि नेमका लेकीचा फोन आला.

"बाबा, आईचा कॉम्प्युटर बंद केलात?"

"का गं?"

"मुलांचे मला फोन येतायत. तिचं इतिहासाचं पुस्तक सगळ्यांकडं एकाच धड्यात अडकलंय. तेवढा तुकडा कुणाकडंच नाही. एका मुलीची परीक्षा तोंडावर आलीये हो. अख्खं पुस्तक फक्त तुमच्याकडं आहे."

"माझ्याकडं? तिच्याकडं होतं."

"आता तुमच्याकडं, बाबा."

"ठेव रे खाली!" म्हातारबुवा भंगारवाल्यावर खेकसले. तो बिचारा, "काका, तुम्हीच तर बोलावलंत," म्हणत निघून गेला.

कॉम्प्युटर लावला. एकदा कुरकुरला आणि गप्प बसला. या मठ्ठपणापायी तिचा आवाज आपणच मारला की काय! पुन्हा बटण दाबलं, आणि आली एकदाची ती घुंघुं.

"पुस्तक पुढं सरकतंय, बाबा," लेक फोनवर म्हणाली.

संध्याकाळी त्या परीक्षेवाल्या मुलीचाच फोन आला. "आजोबा, मिळाला धडा! तुम्हीच का ते 'अहो'?"

"कोण अहो?"

"लढाईच्या धड्यात आजी मध्येच ओरडतात ना, 'अहो, पंखा बंद करा, आवाज येतोय! अहो, पंखा म्हटलं! कॉम्प्युटर नको, तो बंद करू नका!' आणि लगेच पुढचं वाचायला लागतात. माझी ताई सांगायची, तो धडा आला की आख्खा वर्ग हसायचा. नेमका तोच अडकला होता."

जन्मभर बायकोनं त्यांना नावानं हाक मारली नव्हती. तिची ती हाक कुठल्या कुठल्या पोरांच्या कानात जाऊन बसली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हातारबुवांनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं.

"हो," ते कसेबसे म्हणाले. "मीच तो अहो."

फोन ठेवून ते उठले आणि त्यांनी बटण दाबलं. या खेपेला पंख्याचं.