बिनविरोध

"ह्यावर सही कर," संगप्पा म्हणाले आणि छापून आणलेले कागद त्यांनी परातीशेजारी ठेवले.

गौरम्मा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं कागदांकडे पाहिलं. "कशाची सही?"

"अर्जाची. आपल्या वार्डात बाईचं आरक्षण पडलंय. मला न्हाई राहता येत. तू उभी राहा."

"मला इचारलं का?"

संगप्पा गडबडले. महिला दिनाला चौकात सतरंजी टाकून ते दरवर्षी भाषण करत. बाईला घरात मत असलं पाहिजे, हे वाक्य त्या भाषणात हटकून असे.

"आता इचारून राहिलो की."

"कागद छापून आणल्यावर?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "उद्या सांगते. तिकडं ठेवा ते, पीठ लागंल."

औशात संगप्पा हलकुड्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. मत देणारा मात्र शोधावा लागे. बाजार गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. ऐन पंचविशीत ते लातूरला एका पक्षाच्या शिबिराला गेले आणि डोक्यात नवं वारं घेऊन परत आले. गावातला नळ सगळ्या गल्ल्यांना सारखा हवा, एवढ्या एका मागणीवर त्यांनी पहिली निवडणूक लढवली. ती हरले. मग दुसरी हरले. पक्षाचं ऑफिस होतं तिथं पुढं झेरॉक्सचं दुकान झालं, बरोबरचे लोक एकेक करून जिकडं गुलाल तिकडं गेले, आणि संगप्पा पक्षाचे उमेदवार होते ते अपक्ष झाले. नगरपरिषद आली की ते उभे राहत. एकदा जिल्हा परिषदेला राहिले, एकदा आमदारकीलाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकान उघडत आणि अर्धवट राहिलेली सलवार मशीनवर घेत. लोक त्यांच्याकडे कपडे शिवत, त्यांच्या घरचा चहा पीत, "आप्पा, तुमच्यासारखा मानूस न्हाई" असं म्हणत आणि मत दुसरीकडे टाकून येत. संगप्पांना त्याचा राग नव्हता. पोरंसोरं त्यांना 'उमेदवार आप्पा' म्हणत, त्याचाही नव्हता.

घराला मात्र त्यांच्या विचारांची झळ लागली होती. तनुजानं, त्यांच्या मुलीनं, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा संगप्पा स्वतः तिला रजिस्टर कचेरीत घेऊन गेले. त्या वर्षी लातूरला एका सभेत त्यांचा सत्कार झाला. गौरम्माच्या निलंग्याच्या माहेरानं मात्र त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. भावाच्या मुलाचं लग्न झालं तेही तिला बाजारात कळलं. ती त्याबद्दल बोलली नाही. संगप्पांनी ते न बोलणं संमती म्हणून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं कागद मागून घेतले आणि चष्मा लावून सही केली.

"राहते उभी. पण माझ्यासाठी तुमी भाषणं करायची न्हाईत."

"मग लोकांना कळणार कसं?"

"ते मी बघते."

छाननीत अर्ज टिकला. त्यानंतर दोनच दिवसांनी आदिनाथराव त्यांच्या दारात आले. गावातली सत्ता गेली कित्येक वर्षं त्यांच्या आघाडीकडे होती, आणि या वार्डातून त्यांची सून सुकन्या उभी होती. पांढरी गाडी गल्लीत मावेना, म्हणून ते कोपऱ्यापासून चालत आले. संगप्पांनी ओट्यावर खुर्ची टाकली.

"आप्पा, तुम्ही जाणते," आदिनाथराव बसता बसता म्हणाले. "बाकीच्या दोघींनी अर्ज मागं घेतलेत. तुमचा तेवढा राहिलाय. सूनबाई बिनविरोध झाली तर गावाचा खर्च वाचतो, भांडणतंटा वाचतो. सगळ्यांचीच तशी इच्छा आहे."

संगप्पांना एकदम काहीतरी उमगलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे अर्ज मागं घ्या म्हणायला कुणी आलंच नव्हतं. त्यांच्या उभं राहण्यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. आज पहिल्यांदा अडत होतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"निवडणूक व्हावी की साहेब," ते म्हणाले. "लोकांनी बटण दाबावं, मग कुणी का निवडून येईना."

"ते तुमचं तत्त्व झालं. आम्ही मान देतो त्याला." गौरम्मानं चहा आणून ठेवला, आदिनाथरावांनी तिच्याकडे न पाहता कप उचलला. "तुमच्या सोमेशचं कसं चाललंय? आमच्या काँप्लेक्समधला गाळा लहान पडत असेल त्याला. यंदा करार संपतोय म्हणे. बघू, पोरगा आपलाच आहे."

आवाज अगदी मायेचा होता. चहा संपवून ते उठले, ओट्याच्या पायरीवर संगप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि गेले.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सोमेश दुकान लवकर बंद करून आला. मोबाईल दुरुस्तीचं त्याचं दुकान आत्ता कुठं बसलं होतं.

"आप्पा, तुमी हयातभर उभं राहिलात, मी कदी काय म्हणलो का?" तो म्हणाला. "शाळेत पोरं चिडवायची तवा बी न्हाई. पण ह्या टायमाला माज्या पोटावर येऊन राहिलंय."

तो आत हातपाय धुवायला गेला. संगप्पा मात्र बराच वेळ ओट्यावरच बसून राहिले. नळाच्या निवडणुकीत ते एकटे होते, सडाफटिंग. नंतरच्या निवडणुकांत हरायचंच हे ठरलेलं होतं. हरणाऱ्याला कुणी धमकवायला येत नाही. आज पहिल्यांदा समोरून किंमत सांगितली गेली होती, आणि ती त्यांची नव्हती, मुलाची होती. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"गौरा, काढून घेऊ म्हणतो."

"काय?"

"अर्ज. पोराचं नुकसान कामून करायचं? आपण तसंही काय निवडून येणार न्हाई."

गौरम्मा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अर्ज काढायला सही कुणाची लागती?"

"तुझी."

"मग मी न्हाई करत."

"अगं, पण सोमेशचं..."

"सोमेश!" तिनं हाक मारली. तो टॉवेल घेऊन दारात आला. "बाबा, त्यांनी गाळा काढून घेतला तर दुसरीकडं बस. स्टँडकडं बघ, न्हाईतर घराच्या पुढच्या खोलीत बस. तुजं काम तुज्या हातात हाय, त्यांच्या गाळ्यात न्हाई."

"अव्वा, बोलायला सोपं असतंय."

"सोपं न्हाई, मला ठाव हाय." मग ती संगप्पांकडे वळली. "तो मानूस माज्या दारात आला. अर्ज माजा. मी समोर चहा घेऊन उभी. त्यानं इचारलं तुमाला. आणि तुमी बी त्याला म्हणला न्हाईत की अर्ज हिचा हाय, हिला इचारा."

संगप्पांनी खाली सांडलेले तांदळाचे दाणे वेचून सुपात टाकले.

"तुमच्या विचारापायी माजं माहेर तुटलं," ती आवाज न चढवता म्हणाली. "तनूचं केलं ते बरोबरच केलं. पण ते तुमी ठरवलंत, टाळ्या तुमाला पडल्या, आणि माजी आई गेली तवा मला निरोप बी आला न्हाई. मी काय म्हणलं? आता तुमी काय म्हणू नका."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपली त्या दुपारी आदिनाथरावांचा माणूस दोनदा गल्लीतून फिरून गेला. गौरम्मा शेजारी केवळाबाईकडे शेवया करायला बसली होती. संगप्पा घरात होते. कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, हे त्यांचं ठरलं नव्हतं. कुणी विचारलं नाही.

चिन्ह निवडताना तिनं कुकर घेतला. संगप्पांना ते पटलं नाही. बाईच्या हातात पुन्हा स्वयंपाकघरच देतो आपण, असं ते म्हणाले. "कुकर समद्यांच्या घरी हाय, शोधावं लागत न्हाई," गौरम्मा म्हणाली आणि विषय संपला.

प्रचाराला ती केवळाबाईला घेऊन जाई. केवळाबाई आठवडी बाजारात भाजी विकायची, घराघरांत तिची ओळख होती. दोघी दुपारच्या, पुरुष घरात नसताना निघत आणि दिवेलागणीला परतत. पत्रक नाही, गाडी नाही. संगप्पांना चैन पडेना. एक दिवस ते अंतर ठेवून मागोमाग गेले आणि एका घराशेजारच्या बोळात थांबले. आतून गौरम्माचा आवाज येत होता.

"बाजाराच्या दिवशी केवळा सकाळपासून पाणी पीत न्हाई. का? तर जायला जागा न्हाई. समद्या बायांचं तसंच हाय. तिथं बायांसाठी मुतारी पाह्यजे, एवढंच मागायला उभी हाय मी."

"हे तर तुमचे आप्पा बी म्हणायचे की ओ, काकू," कुणीतरी म्हणालं.

"म्हणायचे. लई वर्षं म्हणून राहिलेत. पण ते चौकात माईकवर म्हणायचे. तवा आपण समद्या घरात होतो."

आत बायका हसल्या. गौरम्माही हसली. तिच्या हसण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच संगप्पांना ते जास्त लागलं. चौकातल्या आपल्या सभा त्यांना दिसल्या. सतरंजीवर पुरुष, पानटपरीला टेकलेले पुरुष. वरच्या खिडक्या बंद. त्यांना कधी वर पाहावंसं वाटलंच नव्हतं. ते तसेच मागे फिरले आणि पुन्हा तिच्या मागे गेले नाहीत.

मतमोजणीला मात्र गेले. आजवरच्या सवयीनं ते आपलं नाव ऐकायला कान देऊन उभे होते. 'हलकुडे गौरम्मा संगप्पा,' असं अधिकाऱ्यानं वाचलं तेव्हा ते क्षणभर थबकले. त्यांचं नाव तिच्या नावामागून आलं होतं. सुकन्या निवडून आली. पण गौरम्माला एवढी मतं पडली होती की आदिनाथरावांच्या माणसांनी आकडा पुन्हा वाचायला लावला. हलकुड्यांच्या घरातल्या कुणाची अनामत पहिल्यांदाच वाचली होती. बाहेर गुलाल उधळला, हलग्या वाजल्या. संगप्पा कडेनं चालत घरी आले.

"पडलीस," ते म्हणाले. मग लगेच, "पण चांगली पडलीस."

"असू द्या," गौरम्मा म्हणाली. तिनं किती मतं ते विचारलं, ऐकून मान हलवली आणि दिवसभर उभं राहून पाय भरून आलेत म्हणून लवकर आडवी झाली.

सोमेशचा करार पुढं वाढला नाही. स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं टेबल टाकलं. पहिले काही आठवडे तो आईशी नीट बोलत नव्हता. नंतर गिऱ्हाईक तिकडं वळू लागलं, सगळं नाही, अर्धंमुर्धं.

निकालानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळीच, भाजीच्या पाट्या ओट्याखाली उतरवून चार-पाच बाया दारात उभ्या राहिल्या. पुढे केवळाबाई होती. संगप्पा पेपर वाचत होते. ते उठले, सदऱ्याची बटणं लावली, "या, या" म्हणाले आणि सवयीनं खुर्ची पुढं ओढून ऐकायला बसू लागले.

"आप्पा, काकू हायत का?" केवळाबाई म्हणाली. "नगरपरिषदेत जायचंय. समद्या मिळून. सुकन्याताईला म्हणावं, निवडून आलीस, आता मुतारीचं काय ते बोल."

संगप्पा अर्धे वाकलेले सरळ झाले.

"हाय की. अंघोळीला गेलीय," ते म्हणाले. "बसा तुमी. चहा घ्या तवर."

ते आत गेले. न्हाणीघराच्या दारावर टकटक करून म्हणाले, "गौरा, तुझ्याकडं बाया आल्यात." आतून "आले" असा आवाज आला आणि पाण्याचा तांब्या वाजला. त्यांनी गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं. चहापत्ती समोरच होती. फळीवर एकसारखे स्टीलचे डबे ओळीनं मांडले होते. साखर त्यातल्या कशात असते, हे त्यांना माहीत नव्हतं. बाहेर बायांचं बोलणं चाललं होतं. संगप्पांनी पहिला डबा खाली घेतला, झाकण उघडून पाहिलं, आणि पुन्हा लावून दुसऱ्याकडे हात नेला.