दोन ओळी आणि अकरा भाऊबंद

"कचरूदादाचं नाव संपतच्या आधी पायजे. मोठा हाये तो," मामा माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, रायभान. मंठ्यात तीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटरींची तार पुन्हा भरून, म्हणजे वायंडिंग करून देतात. त्यांनी भरलेली मोटर सहसा पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. पण बायपासला नवं दुकान झालं आणि लोक मोबाइलवर शोधून तिकडेच जाऊ लागले. ऐन उन्हाळ्यात आमच्या दुकानात चिटपाखरू नाही. अजून दोन महिने असंच गेलं तर शटर ओढायची पाळी! म्हणून मी वेबसाइट केली.

घोळ झाला तो मेटा टॅगपाशी. मी समजावलं, "मामा, शोधल्यावर दुकानाच्या नावाखाली दोन ओळी दिसतात. त्या आपण आतून लिहून द्यायच्या. लोक त्या वाचूनच ठरवतात."

"म्हंजे पत्रिकाच की!" म्हणत मामांनी मांडी ठोकली.

झालं! आमच्याकडे लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर माणूस सात वर्षं उंबरा ओलांडत नाही. मामांनी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत अकरा भाऊबंद सांगितले, वर स्वर्गवासी आजोबा. मीही मुकाट्याने टाकले. सासऱ्यांपुढे किती बोलणार?

आठवड्याने शोधून पाहिलं. 'कै. भिवा यांच्या कृपाशीर्वादाने, कचरू, संपत, अण्णासाहेब, अंगद...' आणि पुढे नुसती टिंबं. मोटरीचा पत्ताच नाही!

फोन मात्र दोन आले. एकाने विचारलं, "लगीन कोन्त्या तारखेला हाये?" दुसरा रडवेला होऊन म्हणाला, "रायभानभाऊ कधी गेले हो?"

"अजून जित्ता हाये मी!" मामा ओरडले आणि फोन आपटला.

"नावं काढते," मी म्हणाले.

"बिलकुल न्हाई! भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

मी कपाळाला हात लावला. मग सुचलं. "मामा, कीवर्डचा एक टॅग असतो. पूर्वी शोधताना तो बघायचे. लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबलं, म्हणून आता गूगल तिकडे ढुंकूनही बघत नाही."

"पन नाव असतंय तिथं?"

"असतं."

"बराबर. मंग सगळ्यायला तिथं बसव."

अकराही भाऊबंद मानाने आत गेले. "आता तुमच्या कामाचं सांगा," मी म्हणाले. असं मामांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "लिही. मोटर जळाली तर आणा. दुरुस्त होत नसंल तर तोंडावर सांगू."

मी तसंच लिहिलं. मामा उठले, पुन्हा बसले.

"त्या न वाचायच्या जागेत अजून एक नाव मावंल का?"

"कुणाचं?"

"तुझ्या सासूचं. तिच्या बापाचं हेच काम व्हतं. तार भरायला मला आशानंच शिकिवलं. अन् पाटीवर नाव माझं लागलं."

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. ते नाव मी तिथे टाकलंच नाही. शोधल्यावर सगळ्यात वर, ठळक दिसतं त्या टायटलच्या टॅगमध्ये टाकलं: 'आशाबाई मोटर वायंडिंग, मंठा.' मामांना सांगितलं नाही.

पाच-सहा दिवसांनी सकाळीच फोन वाजला. मामांनी स्पीकर लावला.

"आशाबाई मोटरवाले का? मोटर जळाली हो, मोसंबी सुकून राह्यली. आजच आणू का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच लॅपटॉप पुसत बसले. त्यांनी फोन जवळ ओढला.

"आणा की," ते म्हणाले. "मी बाईंच्या हाताखालचा मिस्त्री बोलून राह्यलो."