अनवाणी कारखाना

ठमी जन्मली त्या दिवसापासून घरात आवाजाला बंदी झाली. बंदी घालणारी ठमीची आईच. आणि गंमत अशी, की नाटकांसाठी आवाज आणि संगीत तयार करणं हाच तिचा धंदा. पण ठमीची झोप म्हणजे पत्त्यांचा बंगला. कुणी फुंकर मारली की कोसळलाच. म्हणून नवऱ्याने प्रत्येक बिजागरीला शिलाई मशीनचं तेल पाजलं, खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे चढवले आणि शिंक उशीत द्यायला तो शिकला. सासूबाई तर बोटांनी बोलू लागल्या. रागावल्या की मात्र दहाही बोटं लागायची.

अशात एका दिग्दर्शकाचा फोन आला. नाटक होतं एका बंद पडलेल्या कारखान्याचं.

"विकतचे तयार आवाज नकोत मला. सगळीकडे वाजून शिळे झालेत. यंत्रं तू घडव आणि त्यांच्यातूनच संगीत काढ." मग जरा थांबून म्हणाला, "पण बाळ लहान आहे तुझं. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग. मी दुसऱ्या कुणाला विचारतो."

'बाळ लहान आहे' हे तिने हल्ली इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की तिला ते 'तुझं आता आटोपलं' असंच ऐकू यायचं. हे काम हातचं गेलं तर पुढचा फोन यायचा नाही, हे ती ओळखून होती.

"शुक्रवारी ऐकवते," ती बोलून गेली.

दुपारी ठमी झोपल्यावर ती रेकॉर्डर गळ्यात अडकवून घरभर हिंडली. दार ढकललं. मुकं. कपाट उघडलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं. खुर्ची ओढली, तर मोजे घातलेली ती बया मांजरीसारखी सरकली. अख्ख्या घरात एक धड कुरकुर उरली नव्हती.

"काय शोधतेस?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"कुरकुर."

"मग मला नाही का सांगायचं! माझी केव्हाची साठून राहिलीय."

"तुमची नको हो आई. लोखंडाची हवी."

"मग गुडघे घे माझे. लोखंडाच्या वरताण वाजतात."

थट्टाच होती ती. पण तिच्याकडे नाण्याएवढा एक चिकटवायचा माइक होता. ज्याला लावावा त्याच्या आतली थरथर तो टिपायचा. त्याच्यापुढे मुंगीचा हत्ती व्हायचा. तिने तो सासूबाईंच्या गुडघ्याला चिकटवला. सासूबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तो आवाज तिने संगणकावर संथ केला, जाड केला, आणि कडाकडा करत क्रेनची साखळी सुटली.

"अगं बाई, ही मी?" कानाला हेडफोन लावून सासूबाई हरखल्या. "आणि तो डॉक्टर म्हणतो, वजन उचलू नका!"

मग काय, दुसऱ्या दिवशी नवऱ्यानेही रजा टाकली आणि तिघांचा गृहउद्योग सुरू झाला. ज्या बिजागरीला त्याने लाडाने तेल पाजलं होतं, तिचंच तोंड फडक्याने कोरडं केलं. बॅगेच्या चेनचा सरकता पट्टा झाला, पाण्यात बुडवलेल्या वाटीची भट्टीवरची घंटा. सगळं चवड्यांवर चालून, श्वास रोखून. ठोकायचं झालं तर बोटाच्या पेराने.

गुरुवारी तिने सगळं जोडून नवऱ्याला ऐकवलं.

"छान आहे."

"खरं सांग."

"यंत्रं सगळी आहेत गं. पण कामगार चपला बाहेर काढून आल्यासारखे वाटतात. आत कुणी झोपलंय का?"

तिला राग आला, कारण ते खरं होतं. साखळी होती, भट्टी होती, पण सगळ्यांना हाकणारा मोठा घण नव्हता. आणि घण काही पेराने वाजवून यायचा नव्हता.

न्हाणीघरातला पत्र्याचा टब तिने बाहेर आणून पालथा घातला. माइक चिकटवला. लोखंडी पळी उचलली. उघड्या दारातून ठमी दिसत होती, गालाखाली मूठ घेऊन झोपलेली. तिने पळी खाली घेतली. पुन्हा उचलली. पुन्हा खाली.

"मार की!" सासूबाई चक्क मोठ्यांदा म्हणाल्या. "उठली तर उठली. मी घेते तिला."

धडाम!

ठमी उठली. तिचा खालचा ओठ बाहेर आला. सासूबाई हात पसरून धावल्या. पण तो ओठ मध्येच थबकला. ठमीने टबाकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, आणि मग आईकडे, 'ही मजा इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस?' अशा नजरेने. आणि खदखदून हसली.

त्यानंतर पळी ठमीच्याच हातात होती. दोन नेमके ठोके, मग विसर, मग अंगातलं सगळं बळ काढून तिसरा. आई नुसती तिला मांडीवर धरून बसली. रेकॉर्डर चालूच राहिला.

शुक्रवारी दिग्दर्शकाने डोळे मिटून ऐकलं. तिने ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

"हा घण," तो शेवटी म्हणाला, "एकसारखा पडत नाही. मध्येच थांबतो, वाटतं संपला, आणि मग दणका! जीव आहे यात. सगळं संगीत याच्यावरच बसव. कुठलं गं यंत्र हे?"

"घरचंच आहे. नवीन आहे अजून. वेळ पाळत नाही, आणि मध्ये मध्ये दूध लागतं."

तो आधी गोंधळला, मग टेबलावर थाप मारून हसला. "पुढचं नाटक बोटीवरचं आहे. बोट जमेल?"

"बघते," ती म्हणाली. "गुडघे तर तयारच आहेत."

घरी बातमी सांगितली तशा सासूबाई म्हणाल्या, "नाटकाच्या पाटीवर नाव हवं हं माझं. क्रेन : सासूबाई." त्यावर नवऱ्याला असं हसू आलं, की त्यातच त्याला शिंक आली, आणि उशी शोधायच्या आत ती मोकळी सुटली. खिडकीच्या काचा थरथरल्या.

झोपलेली ठमी ढिम्म हलली नाही. दचकली ती आईच. धावत जाऊन तिने ठमीच्या नाकाखाली बोट धरलं. ऊन ऊन श्वास बोटावर आला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"पुन्हा शिंक ना. माइक बंद होता."