भेडाघाटचे हत्ती

संगणकावरच्या एका युद्धखेळात चाहत्यांनी रचलेले नकाशेही चालत. भूशास्त्राच्या प्राध्यापिका क्षमा देवपुजारी यांनी त्यासाठी भेडाघाट रचला. संगमरवरी कडे त्यांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून उभे केले. नर्मदेला ‘पाणी’ ठरवायचे मात्र राहून गेले. त्यामुळे खेळाडूंच्या सैन्यातले हत्ती नदीवरून खुशाल चालत जात. नकाशा तुफान लोकप्रिय झाला. हे यश कड्यांच्या अचूकतेचे, असे क्षमाताईंनी सर्वांना सांगितले.

चूक ध्यानात येताच त्यांनी ती दुरुस्त केली. हत्ती बुडू लागले आणि खेळाडू पांगले. “नदी अगदीच खोटी वाटते,” ही तक्रार सर्वांनी उचलून धरली.

अधारतालहून धाकट्या भावाचा, गौतमचा फोन आला. “दीदी, काहून सुधारलं? लोक मजेत खेळून राहिले होते ना!”

“अरे, हत्ती पाण्यावर चालत नाहीत!”

“अच्छा? मग तुझे कडे पाहायला आता कोण येऊन राहिलं, सांग.”

कड्यांना प्रेक्षक हवेच होते. क्षमाताईंनी चूक पूर्ववत केली आणि खाली टीप जोडली : ‘निरीक्षणांनुसार सुधारलेली शास्त्रशुद्ध आवृत्ती.’

हत्ती पुन्हा चालू लागले. अचूकतेसाठी नकाशाला खेळाडूंकडून पैकीच्या पैकी गुण मिळाले.