वर वांगं, खाली मी

वर पाहू नका, मित्रांनो. वरची बिनकाट्याची पानं माझी नाहीत आणि ती चकचकीत जांभळी वांगीही माझी नाहीत. खालचं काटेरी खोड आणि मूळ तेवढं माझं. मी एक जुनं रानवांगं आहे.

मला कुणी लावलं नाही. एका बुलबुलानं माझं बी शिंपीकाकांच्या परसात, मोरीच्या भिंतीलगत टाकलं. आमचं बी लहरी, मनात येईल तेव्हाच रुजतं. पण रुजलं की पाणी घाला न घाला, माणसाच्या डोक्यावर जातं. माझी पानं रुंद, कडेला कातरल्यासारखी, खालून लवदार. फुलं पांढरी, चांदणीसारखी. फळं छोट्या बोराएवढी, घोसानं लागणारी, कडवट. काही लोक ती कोवळी असताना शिजवून खातात म्हणे. इथं मात्र काकांचा सदरा काट्यात अडकला की मला शिवी मिळायची, बस्स.

शेजारच्या वाफ्यात काकूंची वांगी असत. बी त्यांच्या आईनं दिलेलं. आई देवाघरी गेली, बी राहिलं. पण त्या मातीत मर रोग शिरला. फूल धरायच्या बेताला रोपं दुपारी मान टाकत आणि पुन्हा उचलत नसत. शेवटच्या बियांची तीन रोपं एका डब्यात उरली. डब्यात ती फळणार नव्हती, वाफ्यात जगणार नव्हती.

"ही गेली की आईच्या हातचं काही उरलं नाही," काकू एवढंच म्हणाल्या.

त्यांची नणंद रोपवाटिकेत कामाला होती. ती आली आणि थेट माझ्यापुढे उभी राहिली. "वहिनी, वाफ्यात सगळं मरतंय, मग हे भूत एवढं टवटवीत कसं?"

"त्याला कुठलं मरण येतंय!" काका म्हणाले.

"म्हणूनच दादा. कोयता आण."

मला गुडघ्याएवढं छाटलं. पुढे मला कोंब फुटले. त्यांतल्या तिघांना चीर देऊन तिनं त्या रोपांचे शेंडे बसवले आणि वरून पट्टी गुंडाळली.

"ठिगळच की हे," काका म्हणाले.

"ठिगळ नाही, कलम. आणि जोडाखालून जे फुटेल ते खुडायचं हं. जोडाखालचं!"

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि राखण काकांवर आली. काका रोज येत, पण शिंप्याच्या नजरेनं बघत. कलमं रुसल्यासारखी बारीक होती. जोडाखालून मात्र माझे कोंब जोमानं वर आले होते.

"हे झकास धरलंय. हे सुकट कशाला लोंबतंय?" म्हणत त्यांनी सुटलेला धागा कापावा तसं एक कलम कापलं. मग दुसरं. तिसऱ्याला कात्री लावताना आधाराला माझा जोमदार कोंब धरला, तो काटा बोटात गेला. मी मुद्दाम टोचलं नाही. काटे असतात, टोचतात. काकांनी बोट तोंडात घातलं, शिवी द्यायला काढलं आणि थबकले.

"अरे, हिच्या आईच्या वांग्याला काटा कुठं होता?"

काकू परतल्या तेव्हा काका दारातच म्हणाले, "अगं, तुझ्या आईची दोन मी कापली."

काकू परसात आल्या. उरलेल्या कलमावरून त्यांनी बोट फिरवलं. काटा लागला नाही.

"एक आहे ना?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "कात्री आणा इकडे. आजपासून तुम्ही बोटांनी खुडायचं."

त्या कलमाला वांगी लागली. पहिलं कुणी तोडलं नाही. ते झाडावरच पिवळं पडलं आणि बियांनी भरलं. मला छाटलं तेव्हाच नणंद पेरणीसाठी माझ्या पिकल्या फळांचे घोसही घेऊन गेली होती, पुढच्या कलमांना मुळं हवीत म्हणून.

मित्रांनो, काटेरी दिसलं म्हणून कुणाला उपटू नका. आधी त्याचं मूळ काय सोसतं ते विचारा. माझे कोंब मात्र खुशाल खुडा. काका रोज सकाळी खुडतात. आधी अंगठा फिरवून पाहतात, काटा टोचला की म्हणतात, "हा तुझा." आता शिवी देत नाहीत.