दहा सेकंदांचा उजेड

गॅरेजच्या डाव्या भिंतीवर, जमिनीपासून ब्याण्णव सेंटिमीटर उंचीवर, चार बोटं रुंद असा एक करडा पट्टा होता. स्वयंपाकघराच्या दारापाशी तो सुरू होई आणि कपडे धुण्याच्या मशीनपाशी संपे. मध्ये अवजारांचं कपाट आलं की तो तुटे, कपाटाच्या कडेवर फिकट होई आणि पुढे पुन्हा भिंतीवर उतरे. तो कुणी रंगवलेला नव्हता, काही सांडल्याचा डागही नव्हता. रोज दोनदा एकच हात भिंतीवरून सरकत गेला, की वर्षभरात असा पट्टा उमटतो.

लेकीनं तो टेप लावून मोजला होता. तिचं कामच ते होतं. थर्मामीटर खरे बोलतात की खोटे, हे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं होती. आई तिला लाडानं मापाडी म्हणे. "दूध उतू गेलं तरी आमची मापाडी आधी किती गेलं ते बघेल, मग गॅस बंद करेल," हे आईचं शेजारणींमध्ये ठरलेलं वाक्य होतं.

घरात दोघीच. वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला तपासून सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकलाय. काढणं वीस मिनिटांचं काम. मात्र तो इतका दाट झालाय, की त्याच्या मागचा पडदा आपल्याला दिसतच नाही. मागं सगळं ठीक आहे की आणखी काही आहे, हे मोतीबिंदू काढल्यावरच कळेल. आईनं मान डोलावली, डॉक्टरांचे आभार मानले आणि बाहेर येऊन म्हणाली, "होईल की सावकाश, काय घाई आहे." तेव्हापासून ती घाई कधी आलीच नाही. लेकीनं विषय काढला की आईला दुसरं काहीतरी आठवे. कधी कुणाचं लग्न निघे, कधी पाय दुखत. एकदा तर ती म्हणाली, "पिकलाय ना? मग पडेल आपोआप."

या पावसाळ्यानंतर आईच्या नडगीवर एकामागून एक तीन काळेनिळे डाग उमटले. स्वयंपाकघरातून गॅरेजात उतरायला दोन पायऱ्या होत्या आणि दिव्याचं बटण पार पलीकडे, शटरजवळ. गॅरेजला खिडकी नव्हती. शटर खाली असलं की भर दुपारीही आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. आई त्या काळोखातून कपड्यांची टोपली घेऊन ये-जा करायची आणि बटणापर्यंत जायची तसदी कधी घ्यायची नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात, अंधाऱ्या खोलीत, तिनं एकतीस वर्षं फिल्म धुतल्या होत्या. तिथं तिला सगळे अंधारबाई म्हणत. "मला काळोख नवा आहे का?" ती म्हणे.

डोळ्यांविषयी बोलणं जमेना, तेव्हा लेकीनं दिव्याविषयी बोलायला घेतलं. माणूस आला की आपोआप लागणारा आणि माणूस गेला की विझणारा दिवा. तीन आठवडे ती वहीत रकाने आखून बसली. अंगाची ऊब ओळखणारा दिवा की लहरी सोडून हालचाल टिपणारा? किती मीटरवरून? किती वेळ पेटता राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, उजेड किती. त्या रकान्यातला आकडा ती दर दोन दिवसांनी वाढवत होती. आठशे ल्युमेनचे हजार झाले, हजाराचे दोन हजार. आई वहीकडे बघून म्हणाली, की एवढ्या उजेडात तर शेजाऱ्यांचे कपडेही वाळतील.

सुट्टीच्या दिवशी दुपारी वायरमन आला. तीन दिवे पिशवीत घेऊन आला होता. लावून बघा आणि हवा तो ठेवा, असा त्याचा रिवाज. माणूस बोलका. हे दिवे म्हणजे ताई, सासूसारखे, असं त्यानं शिडी उघडता उघडता सांगितलं. तुम्ही हललात की त्यांना कळतं, तुम्ही नुसते बसलात तर तुम्ही घरात आहात हेही विसरतात. मग त्यानं विचारलं, गॅरेज गाडीसाठी आहे का माणसासाठी? गाडी तर दिसत नाही. लेकीनं आईकडे पाहिलं आणि माणसासाठी, असं सांगितलं.

लहरींचा दिवा आधी बाद झाला. मशीनचा ड्रम फिरला तरी लागे, दाराआड स्वयंपाकघरात कुणी गेलं तरी लागे. आई म्हणाली, हा फार चौकस आहे, नको. मग वायरमननं मशीनच्या वर, दाराकडे तोंड करून दुसरा दिवा बसवला. अंगाची ऊब ओळखणारा, पांढरा, दोन हजारांचा. लेकीच्या वहीत पहिला आलेला. तपासणीपुरतं म्हणून त्यानं पेटतं राहायची वेळ दहा सेकंदांवर ठेवली. लेक दिव्यासमोरून आडवी चालली, तर पहिल्याच पावलाला तो लागला. मग ती सरळ त्याच्या रोखानं चालत आली, तर चौथ्या पावलाला. वायरमन म्हणाला, ते तसंच असतं, समोरून येणारा उशिरा दिसतो. लेकीनं ते वहीत लिहिलं.

"आता मावशी, तुम्ही या," वायरमननं वर हाक दिली. "रोज येता तशाच या."

शटर खाली होतं. आई टोपली कमरेवर घेऊन दारात उभी राहिली, दार मागं लोटलं गेलं आणि सगळं काळंभोर झालं. त्या काळोखात तिची पावलं ऐकू आली. एक पायरी, दुसरी पायरी, मग भिंतीवरून हात सरकल्याची कोरडी सळसळ. एकही पाऊल अडखळलं नाही. झोपेत कूस बदलावी तितकं ते सहज होतं. लेकीला वाटलं, आपण पाण्याखाली उभ्या आहोत आणि आपल्या अंगावरून कुणी शांतपणे पोहत चाललंय.

पाचव्या पावलाला दिवा लागला.

आई थांबली. टोपली घट्ट धरून, हनुवटी वर करून, पापण्या अर्ध्या मिटून ती त्या पांढऱ्या उजेडाच्या मधोमध उभी राहिली. फोटो काढणाऱ्यानं हलू नका सांगितल्यासारखी. लेकीनं मनात आकडे मोजले. दहा झाले, आणि समोरचा माणूस हलत नाही असं पाहून दिवा विझला. विझताच पावलं पुन्हा सुरू झाली, तशीच सहज. दोन पावलं. दिवा लागला. आई थांबली. दहा. काळोख. पावलं. उजेड. आई थांबली.

"मावशी, दिव्याशी लपंडाव खेळताय होय?" वायरमन शिडीवरून हसला.

आईही हसली. "अरे बाबा, हा लागला की सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. भिंतही दिसत नाही, पायही दिसत नाही. विझला की मग बरं चालता येतं."

वायरमनचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं लेकीकडे पाहिलं. लेक वहीच्या रकान्याकडे पाहत होती. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की रस्ता दिसण्याऐवजी धुकंच दिसतं, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. उजेड कणांवर आपटतो, विखुरतो, पांढरा पडदा होतो. तीन आठवडे ती आईच्या डोळ्यांतल्या धुक्यासाठी मोठ्यात मोठा दिवा शोधत होती.

तिनं पेन्सिल वहीत ठेवली आणि याहून मंद काही आहे का, असं विचारलं.

वायरमननं पिशवी चाचपली. तिसरा दिवा म्हणजे बोटाएवढी जाड, हातभर लांबीची पट्टी होती. दुसऱ्या एका घराच्या जिन्यासाठी आणलेली, खालच्या अंगाला लावायची, उजेड पिवळसर तांबडा आणि जेमतेम. वरचा दिवा बंद करून ती त्यानं पायऱ्यांजवळ, घोट्याच्या उंचीवर नुसती टेकवून जोडली. पक्की करायच्या क्लिपा गाडीत होत्या. त्या आणतो म्हणून तो स्वयंपाकघरातून बाहेर गेला.

मायलेकी पायऱ्यांवर बसल्या. पट्टी लागलेली होती. फरशीवर मधाचा पातळ थर पसरावा तसा तो उजेड होता. त्यात आईची पावलं दिसत होती, टोपलीची कड दिसत होती, त्यावर काही नाही. वरचं सगळं गॅरेज काळोखात तरंगत होतं. आई वाकून आपल्या पायांकडे पाहत राहिली.

"हा आमच्या खोलीतल्यासारखा आहे," ती म्हणाली. "तिथला जरा लाल असायचा. फिल्मला चालणारा."

दोघी हलेनात, म्हणून थोड्या वेळानं पट्टी विझली. कुणीच हात हलवला नाही. काळोखात आईचा आवाज वयानं लहान झाल्यासारखा वाटत होता. ती सांगू लागली, की फिल्म टाकीत बुडवली की आधी काहीच नसतं. मग धूर वर यावा तसं काहीतरी येतं. बरगड्या येतात, खांदा येतो. त्या धुरात अजून सगळं बरं असतं. हाड मोडलंय का, छातीत काही आहे का, हे अजून ठरलेलं नसतं. रुग्णालयात सगळ्यांच्या आधी ते अंधारबाईला दिसे आणि अंधारबाईनं कुणाशी बोलायचं नाही, असा नियम होता.

"तुझ्या बाबांची फिल्म मीच धुतली होती."

लेकीला हे माहीत नव्हतं. तिला फक्त पुढचे आठ महिने माहीत होते.

"डावीकडं खाली होता डाग. सुपारीएवढा. मी ती पाण्यात ठेवली, आणि झाल्यावरही दहा मिनिटं तशीच ठेवली. गरज नव्हती. बाहेर बाकावर तुझे बाबा कुणाशी तरी बोलत होते, मोठ्यानं हसत होते. दारातून ऐकू येत होतं. म्हटलं, हसू देत अजून दहा मिनिटं."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली.

"त्यानं काही बिघडलं का?" लेकीनं विचारलं.

"दहा मिनिटांनी काय बिघडायचंय? काही नाही बिघडलं. पण मला सवय लागली बघ. काहीही असो, मी आपली अजून जरा पाण्यात ठेवते. डॉक्टर म्हणाले ना, काढल्यावर मागचं दिसेल. मागं काय असेल, कुणाला ठाऊक. आत्ता निदान सगळं धुरात आहे. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात मला, रंगीत. तुला नाही दिसत."

"नाही दिसत," लेक म्हणाली. मग वर्षभर जे तिनं आकड्यांत गुंडाळून ठेवलं होतं, ते तिच्या तोंडून सरळ निघालं. "आई, मला भीती वाटते. तू इथं पडशील आणि मी कामावर असेन. कुणाला कळणारही नाही. मी दिवसभर दर तासाला फोन करायचं कारण शोधत असते."

"म्हणजे ते गॅसच्या नंबराचं, दूधवाल्याचं..."

"हो."

काळोखात आईचा हात लेकीच्या गुडघ्यावर येऊन पडला, तेवढ्या हालचालीनं पट्टी लागली आणि दोघींची चार पावलं शेजारी शेजारी उजळली. आई त्या पावलांकडे पाहत राहिली. किती तरी वेळ ती हलली नाही. पट्टी विझली. ती हललीच नाही.

दार उघडून वायरमन आला, क्लिपांचं पाकीट हलवत. "काय मावशी, ठरलं का? वरचा ठेवू का खालचा?"

"खालचाच लाव," आई म्हणाली. मग लेकीकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात तिनं सांगितलं, "आणि तू डॉक्टरांना फोन कर. या आठवड्यातली तारीख घे. डावा डोळा आधी."